एक मिलीबग मोजायचा म्हणजे

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोजायची सवय आहे. द्राक्षाच्या बागेत शिरले की ते आधी पाच ओळी ठरवतात, मग प्रत्येक ओळीतलं एक झाड. त्या झाडाच्या खोडाची आणि ओलांड्याची, म्हणजे तारेवर आडव्या वळवलेल्या फांदीची, सुटलेली साल नखाने उचकटतात आणि खाली किती पिठ्या ढेकूण आहेत ते मोजून डायरीत लिहितात. गेली वीस-बावीस वर्षं हा क्रम चालू आहे. 'झाड ३, डावा ओलांडा, ११.' 'झाड ४, काही नाही.' त्यांच्या जुन्या डायऱ्या मी एकदा सगळ्या वाचल्या. त्यात घरातलं एकही लग्न नोंदलेलं नाही, पण मिलीबगचा एकही हंगाम सुटलेला नाही.

आमची अडीच एकर थॉमसन द्राक्षं आहेत, निफाड तालुक्यात. मी जवळच्याच ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पिठ्या ढेकणाला बागेत सगळे मिलीबगच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. ज्यांच्याकडे द्राक्षं नाहीत त्यांच्यासाठी सांगते: तांदळाच्या दाण्याहून लहान, मऊ, अंगावर पिठासारखं मेण. छाटणीनंतर सालीखाली लपून राहतो, मण्यांत साखर भरायला लागली की घडात शिरतो. सतत रस ओढतो आणि गोड पाणी सोडतो, त्याला आपल्याकडे चिकटा म्हणतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी येते, मुंगळ्यांची रांग लागते, आणि घड हातात घेतला की बोटं चिकटतात.

मागच्या मार्चमध्ये व्यापारी बाग बघायला आला. बाहेरून घड सुरेख होते. त्याने एक घड उलटा धरून आतले मणी फाकवले, बोट फिरवलं आणि म्हणाला, "आत चिकटा आहे, काका." ठरलेला दर तिथेच मोडला. तो प्लॉट शेवटी जवळच्या बाजारात मिळेल त्या भावाने गेला. आबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. डायरी घेऊन ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "सुनबाई, मोजण्यात माझं कुठं चुकलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी या किड्याच्या पोटात शिरले आणि अजून बाहेर आलेली नाही.

सुरुवात एका साध्या शंकेपासून झाली. वेलीच्या सालीतून जो रस मिलीबग पितो त्यात साखर भरपूर असते, पण अंग वाढवायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी, आणि त्यांतली काही तर जवळजवळ नसतातच. प्रथिनं बांधायला वीस अमिनो आम्लं लागतात आणि त्यांतली जवळजवळ निम्मी कुठल्याच प्राण्याला स्वतः बनवता येत नाहीत. ती खाण्यातूनच यावी लागतात. माणसाने नुसता उसाचा रस पिऊन पोर वाढवायचं म्हटलं तर ते जगेल का? मग हा किडा आयुष्यभर गोड पाणी पिऊन शेकडो अंडी कशाच्या जोरावर घालतो?

उत्तर त्याच्या पोटातल्या एका अवयवात आहे. १८५८ साली टी. एच. हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी माव्याच्या, म्हणजे झाडाचा रस पिणाऱ्या दुसऱ्या एका किड्याच्या, शरीरात असा एक अवयव पाहिला. तो अंड्यातल्या बलकासारखा दिसला, म्हणून त्यांनी त्याला 'खोटा बलक' अशा अर्थाचं नाव देऊन टाकलं. पुढची पन्नास वर्षं तो खोटा बलकच राहिला. १९१० मध्ये इटलीत उम्बेर्तो पिएरांतोनी आणि तिकडे मोराव्हियात कारेल शुल्त्स या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ओळखलं की तो बलक नाही, ती सूक्ष्मजीवांनी गच्च भरलेल्या पेशींची गाठ आहे. आयत्या घरात राहणारे पाहुणे असावेत तशी! पुढे जर्मनीचे पाउल बुखनर यांनी अख्खं आयुष्य याच अभ्यासात घातलं. किड्यामागून किडा उघडून कोणाच्या पोटात ही गाठ कुठे, कशी, अंड्यात कशी जाते, याची चित्रं काढली. माव्याच्या पोटातल्या जिवाणूला आज बुखनेरा म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून. शास्त्रात माणसाचं नाव राहतं ते अशा ठिकाणी, हे मला फार आवडतं.

वाचून झाल्यावर मला राहवेना. कॉलेजची प्रयोगशाळा दुपारी तीननंतर रिकामी असते. बारावीची एक मुलगी, तिच्याही घरी द्राक्षं आहेत, माझ्याबरोबर थांबली. काडेपेटीत आणलेली मिलीबगची मादी आम्ही आधी अल्कोहोलमध्ये बुडवली, म्हणजे अंगावरचं मेण सुटलं. पीठ गेल्यावर ती गुलाबी दिसायला लागली, पिकत आलेल्या पेरूच्या गरासारखी. मग सलाईनच्या थेंबात ठेवून दोन सुयांनी पोट उघडलं. आतून चरबीचे पांढरे गोळे आले, नळ्या आल्या, आणि त्यांच्यामध्ये एक लांबट गोल गाठ. एकच, जोडी नाही. आम्ही ती काचपट्टीवर घेऊन वर झाकणकाच ठेवली, अंगठ्याने हलकेच दाबली आणि बाजूने मिथिलीन ब्लूचा थेंब सोडला.

चारशेपट मोठं करून पाहिलं तेव्हा भल्यामोठ्या पेशी दिसल्या. प्रत्येकीत एक केंद्रक आणि त्याच्याभोवती दाटीने बसलेले गोलसर, वाकडेतिकडे पुंजके. साबुदाण्याची खिचडी फार शिजली की दाणे एकमेकांना चिकटून कडा हरवतात, तसे. प्रत्येक पुंजका म्हणजे एक जिवाणू. त्याचं नाव ट्रेम्ब्लाया. पुंजक्यांच्या आत काहीतरी दाणेदार होतं, पण आमच्या सूक्ष्मदर्शकात ते याहून स्पष्ट दिसलं नाही.

ते दाणेदार काय असतं हे २००१ साली उलगडलं. अमेरिकेत युटा इथे कॅरोल फॉन डोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलीबगच्या याच पेशी तपासल्या. तोवर समजूत होती की या पेशींतले गोल पुंजके म्हणजे चिकट द्रवाच्या पिशव्या आणि आतले लांबुळके दाणे म्हणजे जिवाणू. त्यांनी दाखवून दिलं की पिशवी हीच एक जिवाणू आहे आणि तिच्या आत दुसऱ्याच जातीचे जिवाणू राहतात. किड्याच्या पोटात पेशी, पेशीत जिवाणू, जिवाणूत जिवाणू. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, डब्यात डबा." आमच्याकडे लग्नात रुखवतात एकात एक बसणारे डबे मांडतात, तेच त्याच्या डोळ्यांसमोर आलं असणार. पण डब्यात एक फरक आहे. आतला डबा काढून घेतला तरी बाहेरचा डबा डबाच राहतो. इथे तसं होत नाही, आणि हे नीट समजून घ्यायला मला दोन महिने लागले.

लिंबूवर्गीय झाडांवर येणारा जो मिलीबग आहे, त्याच्या पोटातल्या दोन्ही जिवाणूंचा संपूर्ण जनुकसंच २०११ मध्ये जॉन मॅक्कचन आणि फॉन डोलेन यांनी वाचला. आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या, त्याचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे ४६ लाख अक्षरांचा. बाहेरच्या ट्रेम्ब्लायाचा सुमारे १ लाख ३९ हजारांचा. इतकं कमी कसं? कारण त्याने एकेक काम सोडून दिलं. प्रथिन बांधताना अमिनो आम्ल योग्य वाहकावर चढवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, लागतात, ती नसतील तर कुठल्याही जिवाला एकही प्रथिन बांधता येत नाही. ट्रेम्ब्लायाकडे त्यांतलं एकही कामाचं उरलेलं नाही. ते काम आतला जिवाणू, मोरानेला, भागवत असावा.

आता अमिनो आम्लं बनवायचं बघा. एकेक आम्ल म्हणजे आठ-दहा पायऱ्यांची रीत, प्रत्येक पायरीला वेगळं विकर. मला वाटलं होतं, चार आम्लं हा करत असेल, सहा तो, अशी वाटणी असेल. तसं नाही. एकाच आम्लाची एक पायरी ट्रेम्ब्लाया करतो, पुढची मोरानेला, मधली एखादी पुन्हा ट्रेम्ब्लाया, शेवटची किड्याची स्वतःची पेशी. एकालाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण रीत येत नाही. संशोधकांनी त्याला इंग्रजीत जो शब्द वापरला त्याला आपल्याकडे वाकळ म्हणतात. माझ्या आजीच्या वाकळीत आजोबांच्या धोतराचा तुकडा होता, आईच्या शाळेच्या परकराचा होता आणि एक तुकडा कोणाचा ते आजीलाही आठवत नव्हतं.

तो अनोळखी तुकडाही या किड्यात आहे. किड्याच्या स्वतःच्या गुणसूत्रांवर काही जनुकं अशी सापडली की ती मुळात जिवाणूंची आहेत, पण या दोघांपैकी कोणाचीही नाहीत. लाखो वर्षांत आणखी वेगळेच जिवाणू या घराण्यात येऊन गेले असावेत आणि जाताना आपली दोन-चार जनुकं ठेवून गेले असावेत. २०१९ मध्ये मॅक्कचन यांच्याच गटाने त्यावर एक शोध प्रसिद्ध केला, तो मी पुन्हा पुन्हा वाचला. मोरानेलाच्या अंगाभोवती जिवाणूंना असते तशी भिंत आहे. ती बांधायची काही जनुकं मोरानेलाकडे आहेत, काही हरवलेली आहेत, आणि हरवलेली आहेत नेमकी तीच किड्याच्या गुणसूत्रांवर सापडतात. किड्याच्या पेशीत बनलेलं एक प्रथिन ट्रेम्ब्लाया ओलांडून थेट मोरानेलाच्या आत पोचलेलं त्यांनी दाखवलं. सगळ्यात आतल्या घराची भिंत कोणाची? विटा एकाच्या, गवंडी दुसऱ्याचा, जागा तिसऱ्याची, आणि ज्याने गवंडीकाम शिकवलं तो केव्हाच निघून गेलेला.

आबांना मी हे सगळं ओट्यावर बसून सांगितलं. जिवाणूंची नावं टाळली, पण बाकी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "म्हणजे मी अकरा लिहितो तेव्हा ते अकरा नसतात?"

नसतात, आबा. पण मग किती असतात तेही मला सांगता येत नाही. तीन जीव धरायचे तर त्या तिघांपैकी एकही एकटा जगू शकत नाही, आणि एक धरायचा तर त्या एकात तीन वेगवेगळ्या घराण्यांचा वंश आहे. मी वर्गात सहजीवन शिकवताना दगडफूल दाखवते. गोड्या मसाल्यात पडतं ते, बुरशी आणि शैवाल मिळून झालेलं. मुलं व्याख्या पाठ करतात: दोन जीव एकत्र राहतात आणि दोघांचा फायदा होतो. आता ती व्याख्या फळ्यावर लिहिताना माझा हात अडतो. ट्रेम्ब्लायाचा फायदा झाला का? तो सुरक्षित आहे, उपाशी नाही, पिढ्यान्‌पिढ्या आईकडून लेकीकडे जातो. पण त्याला परतीची वाट उरलेली नाही. जे जनुक एकदा गेलं ते बाहेरून परत मिळायची सोय त्या बंद पेशीत नाही. तो फक्त आणखी लहान होऊ शकतो.

किती लहान, तेही पाहिलं जातंय. २०१३ मध्ये तुडतुड्यांच्या पोटातल्या नासुइया या जिवाणूचा जनुकसंच वाचला गेला, तो सुमारे १ लाख १२ हजार अक्षरांचा निघाला. तेव्हा वाटलं, याच्याखाली काय जाणार. अलीकडे पोलंडमध्ये क्राकोच्या संशोधकांनी तुडतुड्यांच्याच जवळच्या कुळातल्या किड्यांमध्ये विडानिया हा जिवाणू तपासला. त्याच्या काही वाणांचा जनुकसंच जेमतेम पन्नास हजारांच्या घरात आहे. याला स्वतंत्र जीव म्हणायचं की किड्याच्या पेशीतला एक भाग, यावर आता खरोखरच वाद आहे. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही कधीकाळी अशाच एका जिवाणूपासून आल्या. ती वाट किती लांबची असेल याची कल्पना मला पुस्तकातून कधी आली नव्हती, ती या किड्यांनी दिली.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं. आमच्या बागेतला गुलाबी मिलीबग आणि लिंबावरचा मिलीबग यांच्यात बाहेरचा ट्रेम्ब्लाया समान आहे, पण आतला भाडेकरू वेगळा. गुलाबी मिलीबगमध्ये मोरानेलाच्या जागी डूलिटलेया असतो. निरनिराळ्या मिलीबगांची तुलना २०१६ मध्ये केली गेली तेव्हा दिसलं की आतली खोली पुन्हा पुन्हा रिकामी होऊन नव्याने भरली गेली आहे. जुना भाडेकरू झिजून निकामी झाला की नवा जिवाणू येतो आणि त्याचं काम उचलतो. म्हणजे हे घर कायमचं शांत नाही. आत कोणीतरी हरत असतं, कोणीतरी येत असतं.

याच दिवसांत स्वयंपाकघरातही एक गोष्ट समोर आली. सासूबाईंनी कोठीतले तांदूळ वाळवायला काढले तर त्यात टोके. सोंड असलेले, काळपट तपकिरी. त्यांच्यात एक नुकताच दाण्यातून बाहेर आलेला होता, तांबूस, बोटाने दाबला तर मऊ लागणारा. मी तो बाजूला एका वाटीत ठेवला. आठवड्याने तो इतरांसारखाच गडद आणि टणक झाला होता.

हा टणकपणाही त्याचा एकट्याचा नाही. या टोक्याच्या पोटात सोडालिस हा जिवाणू असतो, आणि त्याचं पूर्ण नाव त्या १९१० च्या पिएरांतोनींवरून ठेवलेलं आहे. कवच बनवायला लागणारी दोन अमिनो आम्लं तो पुरवतो. हा संसार त्या मानाने नवा आहे, तीसेक हजार वर्षांचा, त्यामुळे ट्रेम्ब्लायासारखा तो अजून झिजलेला नाही. फ्रान्समधल्या ल्योंच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की टोका दाण्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या आतड्यातले हे जिवाणू झपाट्याने वाढतात, कवच पूर्ण होईपर्यंत वाढतच राहतात, आणि कवच झालं की टोका त्या सगळ्या पेशी स्वतःच मोडून पचवून टाकतो. मादीच्या अंडाशयातले तेवढे ठेवतो, पुढच्या पिढीसाठी.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी किड्याला माणसाचे गुण लावू नयेत हे मला कळतं, मुलांना मीच तसं सांगते. तरी वाईट वाटलं ते वाटलंच. मिलीबगच्या नरातही असंच आहे. पिल्लू असताना त्याच्या पोटात दोन्ही जिवाणू असतात. कोशात जाताना ते विरत जातात. पंख फुटून बाहेर येतो तेव्हा नराला तोंडच नसतं. तो काही खात नाही, दोन-तीन दिवस उडतो, मादी शोधतो आणि मरतो. ज्याला खायचंच नाही त्याला स्वयंपाकी कशाला? आणि अंड्यात जिवाणू जातात ते फक्त आईकडून, त्यामुळे नराच्या पोटातले तसेही वाया जाणारच असतात.

आता बागेकडे येते, कारण आबांचा प्रश्न अजून बाकी आहे.

बारावीच्या त्या मुलीने मला एक दिवस विचारलं, "मॅडम, जिवाणूशिवाय किडा जगत नसेल तर जिवाणूच मारायचे. अँटिबायोटिक फवारलं तर?" प्रश्न हुशार आहे, आणि मला माहीत आहे की शेतात असले प्रयोग करणारे लोक आहेत. मी तिला ठाम नाही म्हटलं. उद्या तिच्या आजीला न्यूमोनिया झाला तर जे औषध लागणार, ते झाडांवर, मातीत, पाण्यात वर्षानुवर्षं सोडून सगळ्या जिवाणूंना त्याची सवय लावायची? याबाबतीत माझं मत बदलणार नाही.

पण तिला मी एक वेगळी गोष्टही सांगितली, आणि द्राक्षवाल्या प्रत्येकाने ती ऐकावी असं मला वाटतं. जपानमध्ये सोयाबीनवर एक ढेकूण येतो, रिप्टॉर्टस. याच कुळीतले ढेकूण आपल्याकडे तूर-चवळीच्या शेंगांवर रस शोषताना दिसतात. मिलीबगला जिवाणू आईकडून अंड्यातच मिळतात. या ढेकणाला ते आई देत नाही. प्रत्येक पिल्लू लहानपणी मातीतून ते नव्याने मिळवतं. त्याच्या आतड्यात एक इतका अरुंद भाग आहे की तिथून शेपटीने पोहणारे ठराविक जिवाणूच पुढे जाऊ शकतात, मातीतले बाकीचे असंख्य जिवाणू अलीकडेच अडतात.

योशितोमो किकुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये काय दाखवलं, ते असं: शेतात फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा वापरलं की मातीत ते औषध फोडून खाणारे जिवाणू वाढतात. त्यांच्यातलाच एखादा पिल्लाने पोटात घेतला की ते ढेकूण त्या औषधाला दाद देत नाहीत. एका पिढीत! किड्यात स्वतःमध्ये काहीच बदललेलं नसतं. आपण फवारणी करतो ती किड्यावर, पण खाली मातीत त्याच्यासाठी चिलखत तयार होत असतं. जपानच्या दक्षिणेकडल्या एका बेटावर उसावरच्या ढेकणांत असे औषध फोडणारे जिवाणू त्यांना प्रत्यक्ष शेतात सापडले.

मिलीबग मातीतून जिवाणू घेत नाही, म्हणून हीच गोष्ट जशीच्या तशी आमच्या बागेला लागू करता येणार नाही. तरी आबांच्या डायरीत 'औषध' या रकान्याखालची नावं दर चार-पाच वर्षांनी कशी बदलत गेली आणि पाण्यातलं प्रमाण कसं वाढत गेलं, ते पाहिल्यावर मला त्या जपानी मातीची आठवण होते. एका किड्यासाठी ओतलेलं औषध त्या एकट्याच किड्यापाशी थांबतं, असं मी आता धरून चालत नाही.

हेच ज्ञान उलट बाजूने माणसाच्या उपयोगी पडलंय. वोल्बाखिया हा जिवाणू अनेक किड्यांत असतो. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाख यांनी तो डासात पहिल्यांदा पाहिला. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात तो निसर्गतः नसतो. फळमाशीतला वोल्बाखिया सुईने त्याच्या अंड्यात घातला तर त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही, आणि आईकडून पिलांत जिवाणू आपोआप जात राहतो. इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात असे डास सोडून रीतसर चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या आयसीएमआरच्या केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. माझा भाऊ डेंग्यूने आठ दिवस दवाखान्यात होता. प्लेटलेट्सचा आकडा रोज सकाळी ऐकताना पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे, म्हणून ही बातमी वाचून मी त्याला लगेच फोन केला होता.

यंदा खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावरच्या छाटणीनंतर, आबांनी आणि मी मिळून खोडांची सुटलेली साल हाताने काढली. अडीच एकराला दोन बायका मदतीला घेऊन नऊ दिवस लागले. साल गोळा करून बांधावर जाळली, खोडं धुतली, आणि मुंगळ्यांची वारुळं कुठे आहेत ते बघितलं, कारण मुंगळे चिकट्यासाठी मिलीबगची राखण करतात आणि शत्रूंना जवळ येऊ देत नाहीत. फवारणी यंदा आम्ही मोजून, ठरवून, कमी ठेवली. त्याऐवजी क्रिप्टोलिमस सोडायचे ठरवले आहेत. ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये आपल्या देशात आणलेला हा लहानसा भुंगा आणि त्याची अळी, दोघंही मिलीबग खातात. त्याची अळी स्वतः मिलीबगसारखीच पांढरी, पिठाळलेली दिसते, त्यामुळे आबांनी पहिल्यांदा दोन अळ्या मिलीबग समजून चिरडल्या होत्या. आता ते भिंग घेऊन बघतात. अळी मोठी, चपळ आणि लांब तुऱ्यांची. मिलीबग हलतो तो अगदी सावकाश.

क्रिप्टोलिमस वाढवायचा तर त्याला खायला मिलीबग हवेत, आणि मिलीबग वाढवायचे तर लाल भोपळा. बाजारातून शिरा असलेला, देठ शाबूत असलेला भोपळा आणून मी तो प्रयोगशाळेच्या कपाटात खोक्यात ठेवला आणि बागेतली कापसासारखी एक अंड्यांची पिशवी त्याच्या शिरेत अडकवली. आबा कॉलेजला कधी येत नाहीत. भोपळा बघायला आले. त्यांनी खुर्ची घेतली, चष्मा पुसला, आणि पिशवीचा एक कोपरा सुईने सोडवून त्या मुलीला अंडी मोजायला लावली. ती मोजत होती, ते डायरीत रेघा मारत होते. दोनशे चाळीसपर्यंत गेल्यावर तिची नजर थकली. प्रत्येक अंड्याच्या एका टोकाला आईने घातलेले दोन्ही जिवाणू असतात, असं मी त्यांना सांगितलं. आबांनी २४० हा आकडा लिहिला, जरा थांबले, आणि त्याच्यापुढे काहीही न लिहिता डायरी मिटली.

काल सकाळी कपाट उघडलं तर भोपळ्याच्या शिरांवर गुलाबी ठिपके फिरत होते. इतके बारीक की श्वास सोडला तर हलतील. रस ओढायला जागा शोधत होते. सोमवारी कॉलेज उघडलं की त्यांतलं एक काचपट्टीवर घेऊन बघायचं आहे, एवढ्याशा पोटात ती गाठ दिसते का.